जागलीवर ऐकलेले अल्बम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. खेड्यातली पोरं मोबाइलवर जे रॅप ऐकतात त्यात सूर नाही, अर्थ नाही, शिवीगाळ आहे आणि चाली दुसऱ्यांच्या चोरलेल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. पण ते पत्र वाचल्यापासून मला चैन पडलेलं नाही. कारण गेली काही वर्षं मी हेच संगीत रात्र रात्र ऐकतो आणि ऐकलेल्या प्रत्येक अल्बमवर दोनशे पानी रजिस्टरात टिपण लिहून ठेवतो. मी मोर्शी तालुक्यातला शेतकरी. वय ४८, शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, रब्बीला हरभरा आणि संत्र्याची दीडशे झाडं, एवढा माझा पसारा.

हे संगीत माझ्याकडे आलं ते जागलीमुळे. हरभरा घाट्यावर आला की रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं रात्रीत अर्धा एकर साफ करतात. शेतात कुणीतरी जागं असावंच लागतं. फटाके झाले, डबे झाले, रेडिओ झाला. जनावरं आठ दिवसांत सगळ्याला सरावतात. २०२१ च्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने त्याचा जुना मोबाइल आणि एक स्पीकर आणून दिला. तो तेव्हा अमरावतीला कॉलेजात होता. "मामा, याच्यातला आवाज जमिनीतून जाते, डुकरं थांबत नाही," म्हणाला. मेमरी कार्डात त्याने भरलेलं सगळं हिप-हॉप होतं, म्हणजे तालावर झपाझप शब्द म्हणायचं ते रॅप आणि त्यामागचं संगीत.

पहिले काही दिवस मी ते नुसतं राखणीसाठी लावलं. मग एका रात्री लाइन गेली. मोटार थांबली, स्प्रिंकलरची चकचक थांबली, शेत एकदम गप्प झालं. आणि स्पीकरमधून गाण्याऐवजी रेल्वेचा खडखडाट ऐकू आला, डोक्यावरून गाडी जावी तसा. त्यामागून पियानोचे दोन-चार जड सूर आणि एक तरुण पोरगा घाईने, पण एकही शब्द न चुकता काहीतरी सांगू लागला. मचाणीवर बसून मी तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला. सुमारे ४० मिनिटं, एकूण १० तुकडे. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावला. त्या रात्री डुकरं आली की नाही, मला आठवत नाही.

तो अल्बम नास या अमेरिकन रॅपरचा ‘इलमॅटिक’. १९ एप्रिल १९९४ ला निघाला तेव्हा नास २० वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी वसाहतीत तो वाढला. एकसारख्या विटांच्या इमारतींची ती प्रचंड वसाहत. अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याचा लहानपणचा चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यातूनच ती वसाहत दिसते. शब्द समजायला मला तीन आठवडे लागले. मोबाइलवर शब्द वाचायचे, अडलं की भाच्याला फोन, त्यालाही अडलं की दोघांनी मिळून शोधायचं. त्यातलं एक गाणं आहे ‘वन लव्ह’. ते सबंध गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. तुझं पोरगं झालं, कोण कुणाशी बोलत नाही, गल्लीत काय चाललंय, तू तब्येतीला जप. मी दहावीत असताना आमच्या गावातली चार-पाच माणसं सुरतेला कामाला होती. त्यांच्या म्हाताऱ्या आयांची पत्रं मीच लिहायचो. गाय व्याली, धाकट्याची सोयरीक मोडली, पैसे मिळाले, काळजी करू नको. तिकडचा तुरुंग आणि इकडची सुरत एक नाही, हे मला कळतं. पण पत्र लिहिणाऱ्याच्या आवाजात जो धीर असतो, माहीत असलेलं अर्धं दडवून उरलेलं सांगायची जी धडपड असते, ती मी लगेच ओळखली. अर्थ नाही असं म्हणणाऱ्या काकाजींनी हे एक गाणं शब्द समोर ठेवून ऐकावं, एवढीच माझी विनंती आहे.

त्याच अल्बमच्या तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक कॉर्नेट वाजतं, बँडवाल्यांच्या ट्रम्पेटचा धाकटा भाऊ म्हणा. पोरगा आयुष्याबद्दल कडवट बोलून थांबतो आणि त्यावर ते वाद्य हळूच बोलू लागतं. वाजवणारा आहे ओलू दारा, नासचा बाप. मला हे कळलं तेव्हा मी गाणं परत लावलं. बाप मुलाच्या शब्दांत एक शब्दही घालत नाही. मुलाचं बोलणं संपेपर्यंत थांबतो, मग वाजवतो.

हा ओलू दारा मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझचा. नॅचेझ हे कापसाचं गाव, आणि एके काळी गुलामांच्या मोठ्या बाजाराचंही. हे वाचलं आणि मी रजिस्टर बाजूला ठेवून खूप वेळ बसून राहिलो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला तो तेव्हा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली तीही बऱ्याच अंशी त्या कापसाच्या ओढीने. म्हणजे ज्या वावरांत गुलामांनी कापूस वेचला, त्या वावरांचा आणि माझ्या पणजोबाच्या वावराचा हिशेब एकाच वहीत लिहिला जात होता. पुढे त्या कापसाच्या मुलखातून लाखो काळी माणसं उत्तरेकडच्या शहरांत गेली आणि त्यांच्या नातवंडांनी हे संगीत केलं. आमच्या शेतात वेचणीच्या दिवशी बाया ओळीने पुढे सरकत गाणी म्हणतात, तेव्हा मला आता ओलू दाराचं ते कॉर्नेट आठवतं.

हिप-हॉपची जन्मतारीख सांगता येते. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, सेजविक अव्हेन्यू, इमारत क्रमांक १५२०. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून तिने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि रेकॉर्डी वाजवायला भावाला बसवलं. तो डीजे कूल हर्क, जमैकाहून आलेला. गाण्यात जिथे बाकी सगळं थांबून नुसता ताल उरतो, तिथे पोरं जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवायचा. नास जन्मला त्याच्या पुढच्या महिन्यात, १४ सप्टेंबरला. हा मेळ मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आता चोरीबद्दल. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरतात, त्याला सॅम्पलिंग म्हणतात. आमच्या मोर्शी-वरुड भागात संत्र्याचं रोप कसं तयार करतात ते सांगतो. जंबेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधतात. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं. डोळा कोणत्या झाडाचा घ्यायचा, कधी बांधायचा, किती घट्ट, हे ज्याला कळतं त्याच्याच नर्सरीतली रोपं जगतात. पब्लिक एनिमी या अमेरिकन रॅप गटाचा १९८८ चा अल्बम ऐकताना मला हेच दिसतं. हवाई हल्ल्याचे भोंगे, भाषणांचे तुकडे, जुन्या गाण्यांतले ढोल एकावर एक रचलेले, आणि त्या सगळ्यावर त्यांच्यातल्या चक डीचा सभेत बोलल्यासारखा आवाज. मूळ गाणं वाजवून दाखवलं तरी त्यातला कोणता तुकडा इथे आलाय ते ओळखू येत नाही. हे कलम आहे.

पण दुसऱ्याच्या बागेतला डोळा विचारून घ्यावा, हेही तितकंच खरं. आपल्या लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’, १९८१ च्या ‘ज्योति’ चित्रपटातलं, २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात आलं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं. ते तिकडच्या न्यायालयात गेले आणि त्यांचं नाव छापल्याशिवाय विक्री करायची नाही, असा आदेश त्यांना मिळाला. तिथे मी बप्पीदांच्या बाजूने आहे. त्याआधीच, १९९१ च्या डिसेंबरात, एका न्यायाधीशाने ‘चोरी करू नकोस’ या बायबलच्या आज्ञेनेच सॅम्पलिंगवरच्या निकालाची सुरुवात केली होती. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि पैसे हा मोठा प्रश्न झाला. डे ला सोल या त्रिकुटाचा १९८९ चा पहिला अल्बम याच अडचणींमुळे वर्षानुवर्षं मोबाइलवर रीतसर मिळतच नव्हता. तो आला ३ मार्च २०२३ ला. त्यांच्यातला ट्रुगॉय त्याच्या तीनच आठवडे आधी वारला. भाच्याने फोन करून सांगितलं, "मामा, आला." मी संत्र्याच्या बागेत बसून ऐकला. त्यात तीन मित्रांची इतकी निर्मळ मस्ती आहे, आणि त्यातला एक ती परत लोकांपर्यंत पोचलेली बघायला राहिला नाही.

शिवीगाळीबद्दल मी काहीच लपवणार नाही. आहे. ‘द क्रॉनिक’ या डॉ. ड्रेच्या १९९२ च्या अल्बमवर माझं टिपण असं: वाजवणं इतकं स्वच्छ की प्रत्येक वाद्य हात लावून बघता येईल, बायांबद्दल बोलणं असं की घरात लावणार नाही. मी तो घरात लावतही नाही. एका अल्बमबद्दल या दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात आणि समीक्षा म्हणजे तेच, असं मला वाटतं.

घरात जो लागतो तो लॉरिन हिल या गायिकेचा १९९८ चा अल्बम, ती रॅपही करते. सुरुवात शाळेच्या घंटेने होते. मास्तर हजेरी घेतो, मुलं ‘हजर’ म्हणतात, लॉरिनचं नाव येतं आणि उत्तर येत नाही. पुढे गाण्यांच्या मधे मधे तो वर्ग चालू राहतो, प्रेम म्हणजे काय यावर मुलं बोलत असतात. तो मास्तर म्हणजे रास बराका, पुढे २०१४ मध्ये नेवार्क शहराचा महापौर झाला. लॉरिन तेव्हा २३ वर्षांची. एका गाण्यात ती सांगते की पोटात मूल असताना लोक म्हणाले, आधी आपलं करिअर बघ. तिने मुलाला निवडलं. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. "हे बाई लेकरासाठीच गाऊन रायली न?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने पीठ मळायचं थांबवून गाणं पूर्ण ऐकलं. १९९९ मध्ये या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच.

वडील माझे ७६ वर्षांचे. गुरुदेव सेवा मंडळात आयुष्यभर खंजिरी वाजवली, राष्ट्रसंतांची भजनं त्यांना तोंडपाठ. त्यांच्यासमोर हे लावायचा मला धीर होत नव्हता. एक दिवस ‘द लो एंड थिअरी’ लावला, ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा, १९९१ चा. पहिल्याच गाण्यात त्यांच्यातला क्यू-टिप सांगतो की त्याच्या वडिलांना हे रॅप ऐकून स्वतःच्या तरुणपणचं बीबॉप, म्हणजे त्या काळातलं जॅझ, आठवायचं. वडिलांनी डोळे मिटून ऐकलं. बोट मांडीवर चालू होतं. "पोट्टा कुठीबी फिरून आला तरी बराबर समेवर येऊन रायला," म्हणाले. मग आईकडे बघून म्हणाले, "तुह्या माहेरची दुय्यम आठवली." आईचं माहेर मौद्याकडचं. तिकडे खडी गंमत या लोकनाट्यात दोन शाहीर डफावर रात्रभर सवाल-जवाब करायचे, त्याला दुय्यम म्हणतात. समोरच्याचा सवाल तिथल्या तिथे बांधलेल्या ओळीने परतवायचा. क्यू-टिप आणि त्याचा जोडीदार फाइफ एकमेकांच्या तोंडून ओळ उचलतात ते अगदी तसंच, फक्त भांडणाऐवजी मैत्रीतून. एका गाण्यात रॉन कार्टर या थोर जॅझ वादकाने उभा बास, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, वाजवलं आहे. स्पीकर जमिनीवर ठेवला तर तो तळपायाला कळतो.

आणखी एका अल्बमचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आपल्या विदर्भाच्या माणसाला नीट कळेल. आउटकास्ट नावाची रॅपर जोडी, हे दोघं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाचे. तेव्हा रॅप म्हणजे न्यूयॉर्क, नाहीतर कॅलिफोर्निया. १९९५ साली न्यूयॉर्कमधल्या पुरस्कार सोहळ्यात यांना नवोदितांचा पुरस्कार मिळाला तर सभागृहातून हुर्यो आली. त्यातला आंद्रे माइकसमोर उभा राहून म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. तीन वर्षांनी त्यांनी ‘अक्वेमिनाय’ काढला. त्यात बोली तिकडची, चाल तिकडची, एका गाण्यात मधेच माऊथ ऑर्गन आणि टाळ्यांचा गावठी धिंगाणा, जत्रेत वाजावा तसा. आपली बोली त्यांनी कुठेच धुऊन काढली नाही. पुण्याला नातेवाइकांकडे गेलो की मी नकळत ‘मले-तुले’ सोडून ‘मला-तुला’ बोलू लागतो. हा अल्बम ऐकल्यापासून ते मला खटकू लागलं आहे.

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी वऱ्हाडीत एक रॅप लिहिला. पीक विम्याचा अर्ज, तलाठ्याची वाट, पंचनाम्याला कुणी न येणं, असं सगळं त्यात होतं. एकही शिवी नव्हती. एका स्नेहसंमेलनात दुसऱ्या कडव्यालाच त्याला थांबवलं गेलं, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणून. ज्यांनी थांबवलं त्यांनी ऐकलेलं रॅप म्हणजे मोबाइलवरचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे. आणि खरं सांगायचं तर खाली बसलेल्या पोरांनीही तेवढंच ऐकलेलं होतं. कीर्तनाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकून कीर्तनकाराबद्दल कुणी मत देईल का? पूर्वरंग, उत्तररंग, सगळं ऐकूनच आपण घरी जाताना बोलतो. अल्बमही तसाच बांधलेला असतो. कोणतं गाणं आधी, कुठे थांबायचं, शेवटी श्रोत्याला कुठे सोडायचं, यावर त्या माणसांनी महिनोन् महिने घालवलेले असतात. काकाजी आणि पोरं दोघंही तुकडेच ऐकतात, म्हणून दोघांचं भांडण मिटत नाही.

माझी ऐकायची पद्धत साधी आहे. रात्रीची लाइन असली की स्प्रिंकलरचे पाइप तीन तासांनी बदलावे लागतात, त्या तीन तासांत एक अल्बम दोनदा, कधी तीनदा होतो. पहिल्यांदा शब्दांकडे बघायचंच नाही. दुसऱ्यांदा शब्द वाचत. तिसऱ्यांदा काही दिवसांनी, फवारणी नाहीतर डवरणी करताना, काय आपोआप आठवतं ते बघायला. मग रजिस्टर. आधी मी दहापैकी गुण द्यायचो. ते बंद केलं, कारण ‘इलमॅटिक’ला दिलेले गुण मी सहा वेळा खोडले होते. आता फक्त लिहितो: काय ऐकलं, कुठे मन लागलं नाही, कुणाची आठवण आली. वू-टँग क्लॅनच्या १९९३ च्या अल्बमवर चार पानं झाली आहेत आणि अजून त्यातल्या नऊ जणांचे आवाज मला अंधारात वेगळे ओळखता येत नाहीत.

तर संपादक महोदय, मागणी अशी. आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची, नाटकांची, चित्रपटांची परीक्षणं येतात. त्यात महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या हिप-हॉप अल्बमचं मराठीत परीक्षण येऊ द्या. केंड्रिक लमार या रॅपरच्या २०१७ च्या अल्बमला २०१८ मध्ये अमेरिकेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, तोवर संगीतातलं हे पारितोषिक शास्त्रीय आणि जॅझबाहेर कधी गेलंच नव्हतं. तिकडे हा विषय विद्यापीठात शिकवतात. आमच्या पोरांना त्याबद्दल त्यांच्या भाषेत चार ओळी वाचायला मिळत नाहीत. लिहिणारा जाणकार तुम्हाला पुण्या-मुंबईत मिळेलच. पण दर दोन-तीन महिन्यांतून एखादं परीक्षण तरी खेड्यातून मागवा. ऐकणारे इकडेही आहेत, मला आता माझ्याच तालुक्यातले पाच जण माहीत आहेत. त्यातला एक दूध संकलन केंद्रावर आहे आणि त्याचं ‘इलमॅटिक’बद्दलचं मत माझ्यापेक्षा पक्कं आहे.

नमुना म्हणून ‘द लो एंड थिअरी’वरचं माझं टिपण सोबत जोडलं आहे, साडेतीनशे शब्दांचं, स्वच्छ अक्षरात. त्यात एक परिच्छेद फाइफबद्दल आहे. त्याला तरुणपणापासून मधुमेह होता आणि तो गाण्यातून उघडपणे ते सांगायचा. २२ मार्च २०१६ ला तो वारला तेव्हा वय होतं ४५. माझा मोठा भाऊही साखरेच्या आजारानेच गेला, त्याच वयात. त्याने आम्हाला शेवटपर्यंत काही सांगितलं नव्हतं, गोळ्यांचं पाकीटही बैलांच्या गोठ्यात लपवलेलं सापडलं. जागेअभावी टिपण कापावं लागलं तर कुठूनही कापा. तो परिच्छेद मात्र राहू द्या.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी
ता. मोर्शी, जि. अमरावती